ऑपरेशन दोघांचं सारखंच, मग एक गाडी चालवतोय आणि एक खाटेवर का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा धाकटा भाऊ, वय ३१, सांगलीजवळ गावी घराच्या स्लॅबवरून पडला, कमरेच्या वरचा मणका मोडला आणि दोन्ही पाय गेले. मामेभाऊ इंग्लंडला असतो, त्याचा जवळपास त्याच सुमाराला बाईकवर अपघात झाला, मणका तोच, डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून सांगितलं की दुखापत सारखीच आहे. दोघांनाही रॉड-स्क्रू बसले. आज दोन वर्षांनी मामेभाऊ ऑफिसला जातो, स्वतः गाडी चालवतो. तुमचा भाऊ खाटेवर आहे, माकडहाडाशी जखम आहे, लघवीची नळी कायमची लागलीय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमचं काय चुकलं? आम्ही एक दिवसही त्याला एकटं सोडलं नाही."

तुमचं काही चुकलं नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं परत स्वतः करायला शिकवणारी, २३ वर्षं हेच काम करते, मुंबईत शिकले, तिथे सरकारी हॉस्पिटलात काम केलं, मग पाच वर्षं इंग्लंडमध्ये एका स्पायनल युनिटमध्ये, म्हणजे मणक्याच्या पेशंटच्या खास विभागात होते, आणि गेली बारा वर्षं कोल्हापूर-सांगली भागात घरोघरी जाऊन पेशंट बघते. तुमच्या भावासारखे आणि मामेभावासारखे दोन्हीकडचे पेशंट मी हाताळलेत, त्यामुळे फरक नेमका कुठल्या दिवशी पडतो ते मला माहितीये. तो डिस्चार्जच्या दिवशी पडतो.

आधी ऑपरेशनचं बघू. मिरज-सांगलीकडचे सर्जन काही कमी नाहीत, रॉड-स्क्रू तेच, ऑपरेशनची पद्धत तीच. पण हे ऑपरेशन नस परत जोडत नाही, हे घरच्यांना बऱ्याचदा कुणी स्पष्ट सांगतच नाही. मणका स्थिर व्हावा, माणसाला लवकर उठून बसता यावं आणि पुढचं काम सुरू करता यावं यासाठी ते असतं. इंग्लंडमध्ये ते चार महिन्यांच्या कामाचा पहिला आठवडा आहे. आपल्याकडे तेवढंच काम आहे, बाराव्या-पंधराव्या दिवशी टाके निघतात आणि ॲम्ब्युलन्स घरी.

डिस्चार्जच्या कागदावर खाली काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे. गोळ्या, मग "फिजिओथेरपी", मग "बॅक केअर" म्हणजे पाठीची निगा, मग पंधरा दिवसांनी फॉलो-अप. बॅक केअर! दोन शब्द. त्या दोन शब्दांत काय काय येतं ते मामेभावाला चार महिने रोज शिकवलं असणार, आणि तुमच्या आईला बिल भरायच्या खिडकीपाशी एक मिनिट.

आता तिकडे काय होतं ते नीट सांगते, कारण लोकांना वाटतं तिकडे काहीतरी भारी मशीन असणार, रोबोट वगैरे. इंग्लंडमध्ये फक्त मणक्याच्या दुखापतीसाठी म्हणून ८ खास सेंटर आहेत. मी होते त्या युनिटमध्ये पेशंट आला की पहिल्या काही दिवसांतच त्याची घरी जायची अंदाजे तारीख फळ्यावर लिहायचो, साधारण चार महिन्यांनंतरची, आणि मग त्या तारखेपासून उलटं मोजत सगळं काम चालायचं. घराला पायऱ्या किती, बाथरूमचं दार किती रुंद, तो काम काय करतो, घरी कोण असतं, बायको नोकरी करते का. माझ्यासारखी थेरपिस्ट टेप घेऊन त्याच्या घरी जायची, पेशंट अजून वॉर्डात असतानाच. दार रुंद करायला, खाली शॉवरची खोली करायला कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, अनुदान मिळतं, इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा ३० हजार पौंड आहे, उत्पन्न बघून देतात पण देतात. व्हीलचेअर मोजमाप घेऊन मिळते, पैसे भरावे लागत नाहीत. गाडीचं म्हणाल तर मोटॅबिलिटी नावाची योजना १९७७ पासून चालू आहे, अपंगांना जो भत्ता मिळतो त्यातला भाग देऊन गाडी भाड्याने मिळते आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय त्यात बसवून देतात. मामेभाऊ गाडी चालवतो त्यामागे त्याची जिद्द आहेच, ती मी कमी लेखत नाही, पण जिद्दीच्या खाली ही एवढी सगळी फरशी घातलेली आहे.

आणि वॉर्डात काय शिकवतात? कुशीवर वळणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जाणं, स्वतः नळी घालून लघवी काढणं, संडासची वेळ बसवणं, लग्न-मूल-बायकोशी संबंध याबद्दल मोकळं बोलणं (हे आपल्याकडे कुणी म्हणजे कुणीच बोलत नाही, ३१ वर्षांच्या माणसाशी!) आणि सगळ्यात आधी स्वतःची कातडी बघणं. प्रत्येकाला लांब दांड्याचा एक आरसा मिळतो. रोज सकाळी आणि रात्री अंथरुणात आडवं होऊन त्या आरशात आपली पाठ, माकडहाड, कुल्ले, टाचा बघायच्या. एक २४ वर्षांचा मुलगा होता, तो तीन आठवडे आरसा हातात घ्यायलाच तयार नव्हता, म्हणायचा नर्स कशाला आहे मग. आमची सिस्टर रोज आरसा त्याच्या हातात द्यायची आणि शेजारी नुसती उभी राहायची, दहा दहा मिनिटं, काही न बोलता. एक दिवस त्याने बघितलं आणि त्याला अंगठ्याच्या नखाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबलं तरी लाली जाईना. तो स्वतःच म्हणाला, आज मी खुर्चीत बसणार नाही. त्या दिवशी आम्हाला कळलं की हा घरी जायला तयार होतोय.

आपल्याकडे तोच डाग आईला कळतो तो चादर पाठीला चिकटल्यावर. खालच्या भागाला संवेदनाच नाही, दुखत नाही, त्यामुळे पोरगा सांगणार तरी काय. तोपर्यंत आत हाडापर्यंत खड्डा पडलेला असतो, कातडीवर दिसतं त्याच्या दुप्पट-तिप्पट आत.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. श्रीमंत देशातसुद्धा हे कायम असं नव्हतं. पहिल्या महायुद्धात मणका मोडलेले सैनिक बहुतेक काही आठवड्यांत, महिन्यांत जायचे, जखमा आणि लघवीचं इन्फेक्शन, म्हणजे आज आपल्याकडे जातात तसेच. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरने, जर्मनीतून पळून आलेला ज्यू डॉक्टर, मणक्याच्या पेशंटसाठी वॉर्ड काढला. तेव्हा ना एमआरआय, ना हवेच्या गाद्या. त्याने केलं काय, तर दर दोन तासांनी पेशंट वळवायचा, रात्रीसुद्धा, आणि स्वतः रात्री येऊन बघायचा वळवलाय का. लघवीची स्वच्छता. आणि पेशंटला काम आणि खेळ. १९४८ मध्ये त्याच हॉस्पिटलच्या आवारात व्हीलचेअरवरच्यांची तिरंदाजी स्पर्धा भरवली, त्यातूनच पुढे पॅरालिंपिक झालं. म्हणजे मूळ उपचार काय होता? हात, घड्याळ आणि शिस्त. हे महाग नाहीये, पण रोज तीन पाळ्यांमध्ये माणूस पाहिजे आणि त्याचा पगार कुणीतरी दिला पाहिजे.

आणि आपल्याकडे हे होऊच शकत नाही असंही नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरजवळच्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली लुळे झाले, आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, भारताचं पहिलं. त्याच युद्धात मेजर अहलुवालिया, जे त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आले होते, त्यांना मणक्यात गोळी लागली, ते पुढे उपचाराला स्टोक मँडेव्हिललाच गेले आणि परत येऊन त्यांनी दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं. दोघंही लष्करातले. लष्कराने आपल्या माणसाला टाके काढून घरी पाठवलं नाही, पुण्यात खडकीला आजही मणक्याच्या जखमी जवानांसाठी वेगळं पुनर्वसन केंद्र आहे, कृत्रिम अवयव केंद्र तर पुण्यात १९४४ पासूनचं. म्हणजे बघा, देश तोच, पैसा त्याच तिजोरीतला, आणि तरी जवानाला जे मिळालं ते गवंड्याला मिळत नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे, वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस, ज्या स्वतः अपघातात कमरेखाली अधू झाल्या आणि व्हीलचेअरवर बसून ऑपरेशनं करायच्या, त्यांच्यामुळे १९६६ ला पुनर्वसनाचं वेगळं केंद्र झालं. बेटं आहेत. सांगलीच्या एका गावातून त्या बेटापर्यंत जायचं, तिथे बेड मिळायचा, तिथे चार महिने सोबत राहणाऱ्याची मजुरी बुडवायची, हे कुठल्या घराला परवडेल?

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगायचे तर जगात जवळपास २४० कोटी लोकांना आयुष्यात कुठल्यातरी टप्प्यावर अशा पुनर्वसनाचा फायदा होईल अशी तब्येत आहे, आणि बऱ्याच गरीब-मध्यम देशांत हे काम येणारी प्रशिक्षित माणसं दहा लाख लोकांमागे १० सुद्धा नाहीत. दहा लाख म्हणजे मोठे तीन-चार तालुके धरा. त्यात फिजिओ, माझ्यासारखे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बोलायला शिकवणारे स्पीच थेरपिस्ट, कृत्रिम पाय बनवणारे सगळे मिळून दहा. साधनांचंही तसंच, व्हीलचेअर, कानाची मशीन, चष्मा, कॅलिपर यातलं जे लागतं ते मिळणाऱ्यांचं प्रमाण काही गरीब देशांत ३ टक्के आणि काही श्रीमंत देशांत ९० टक्के असं त्यांच्या २०२२ च्या अहवालात आहे. 

आता कोणी म्हणेल पैसा नाही म्हणूनच हे. पूर्ण खरं नाही. मी एकदा बांगलादेशात सावारला सीआरपी नावाचं लुळ्या पेशंटचं पुनर्वसन केंद्र बघायला गेले होते, ढाक्याजवळ. व्हॅलेरी टेलर नावाच्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट बाईंनी १९७९ मध्ये ढाक्यातल्या एका हॉस्पिटलच्या आवारात सिमेंट ठेवायच्या दोन पडीक गोदामांत ते सुरू केलं. तिथले पेशंट कोण? झाडावरून पडलेले, डोक्यावरचं जड ओझं घेऊन घसरलेले, म्हणजे अगदी आपलेच लोक. व्हीलचेअर तिथेच वर्कशॉपमध्ये तयार होतात. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे घरी जायच्या आधी पेशंट काही दिवस एका वेगळ्या वसतिगृहात राहतो, तिथे गावातल्यासारखं राहायची प्रॅक्टिस, कच्च्या वाटेवर खुर्ची चालवायची, जमिनीवरच्या चुलीशी स्वयंपाक करायचा. मी तिथे उभी राहून विचार करत होते की इंग्लंडमध्ये मी पेशंटला ओट्यावरचा मायक्रोवेव्ह वापरायला शिकवत होते, आणि इथे कोल्हापुरात आल्यावर पहिले सहा महिने तेच डोक्यात घेऊन फिरत होते, बसकणीवरून चुलीपर्यंत सरकायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. काबूलमध्ये रेड क्रॉसच्या केंद्रात अल्बर्टो कैरो नावाचे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० पासून आहेत, युद्ध चालू असताना काम चालू, आणि तिथे पाय बनवणारे, चालायला शिकवणारे कर्मचारी जवळपास सगळे स्वतः अपंग, तिथलेच जुने पेशंट. अफगाणिस्तान काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही.

मग आपल्याकडे अडतं कुठे? माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडे हा माणूस दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतो. हॉस्पिटल आरोग्य खात्याचं, त्याचं काम टाके काढल्यावर संपलं. तीनचाकी, व्हीलचेअर, कॅलिपर हे सामाजिक न्यायाकडून, केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, साधनं बनवायला कानपूरला ॲलिम्को आहे १९७२ पासून, म्हणजे कायदा, योजना, कारखाना सगळं आहे. महाराष्ट्राने तर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळं खातंही काढलं. पण टाके काढल्यापासून ते शिबिरात खुर्ची मिळेपर्यंत मधले जे आठ-दहा महिने असतात त्यांचा मालक कोणी नाही. आणि त्याच आठ-दहा महिन्यांत जखम होते, लघवीची वाट लागते, सांधे आखडतात. खुर्ची घ्यायला माणूस येतो तेव्हा त्याला नव्वद अंशात बसताच येत नाही.

खुर्चीचंही सांगते. एका शिबिरात मी होते, सगळ्यांना एकाच मापाच्या खुर्च्या, १८ इंची सीट. फोटो झाले, हार झाले. त्यातली एक खुर्ची मला वर्षभराने शिरोळ तालुक्यात एका घरात दिसली, सोप्यात भिंतीला लावून ठेवलेली आणि तिच्यावर ज्वारीचं पोतं. पोरगा शेजारी खाटेवर. म्हटलं वापरत का नाही, तर वडील म्हणाले आत जात नाही ती. टेप काढली. आतलं दार २४ इंच, खुर्ची बाहेरून २५ इंच. एका इंचासाठी तो दीड वर्ष त्या सोप्यात होता, मागचं परडं त्याने अपघातानंतर बघितलंच नव्हतं. पोरगा इतका बारीक की त्याची कंबर १४ इंच, त्याला १५ इंची सीटची खुर्ची पुरली असती आणि ती बाहेरून २२ इंचात बसते. मग उंबरा होता, तीन इंचाचा. गवंडी म्हणाला तासभरात काढतो, तर आजी म्हणाल्या उंबरा फोडायचा नाही, लक्ष्मी आहे ती. मला ते पटलं, घर त्यांचं आहे. सुताराकडून दोन्ही बाजूंना लाकडी उतार करून घेतला, तीन इंचाला तीन फूट, उंबरा मधे तसाच, हळदीकुंकवासकट. तो पोरगा आज परड्यातल्या म्हशींचं दूध स्वतः मोजून घालतो डेअरीला.

हे सगळं मी का सांगतेय, तर इंग्लंडमध्ये ही एक इंचाची चूक होत नाही असं नाही, पण झाली तर ती शोधणं हे कुणाचं तरी नोकरीचं काम आहे. इथे ती शोधणारं पदच नाहीये.

तिकडचं सगळं गोड आहे असंही समजू नका. स्पायनल सेंटरचा बेड मिळेपर्यंत लोक साध्या वॉर्डात आठवडेच्या आठवडे थांबतात, आणि तिथे कधीकधी जखम घेऊनच येतात. अमेरिकेत खर्च कोण भरणार त्यावर सगळं, १९७० च्या दशकात मणक्याचा पेशंट पुनर्वसनात सरासरी ९८ दिवस राहायचा, आता जेमतेम महिनाभर. आणि एकटेपणा. इंग्लंडमध्ये मी एका आजोबांकडे घरी जायचे, घर इतकं सोयीचं की बघत राहावं, छताला उचलायची मशीन, ओटा खालीवर होणारा, आणि मंगळवारी मी गेले की ते सांगायचे, मागच्या मंगळवारनंतर तूच पहिली ज्याच्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललो. तुमच्या भावाभोवती जी माणसं आहेत ती तिथे पैसे मोजूनही मिळत नाहीत.

पण माणसं असली की भागतं असं मात्र नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. भारतात पक्षाघाताच्या पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, अटेंड नावाचा, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कल्पना अशी की थेरपिस्ट पुरेसे नाहीत ना, मग घरच्यांनाच थोडं शिकवू आणि त्यांच्याकडून करून घेऊ. सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्या घरच्यांना शिकवलं आणि ज्यांना नेहमीचेच उपचार, दोघांत काही फरक नाही. आम्हा सगळ्यांच्या मनाला तो निकाल लागला, कारण आम्हाला वाटत होतं आपल्याकडे कुटुंब आहे, हेच आपलं बळ. तो आजार वेगळा, मान्य, पण मी त्यातून एवढं घेतलं की घरच्यांच्या मायेच्या जागी सेवा उभी करता येत नाही आणि सेवेच्या जागी घरच्यांची माया उभी करता येत नाही. तुम्ही एक दिवस त्याला सोडलं नाही, खरंय. पण तुम्हाला कुणी दाखवलंच नाही की करायचं काय. आणि प्रेमापोटी आपण जे करतो त्यातलं काही उलटंही जातं, त्याला उठू देत नाही, पाणी हातात देतो, खाऊ घालतो, सहा महिन्यांत खांदे आणि दंड, जे त्याचे एकमेव चांगले अवयव राहिलेत, ते पण सुकतात.

आता पुढे काय. दोन वर्षं झाली म्हणजे वेळ गेली असं अजिबात नाही. पायात ताकद येईल असं मी सांगणार नाही, तसं सांगून गावोगाव तेल आणि मशीनचे पैसे काढणारे पुष्कळ आहेत. पण खाट सुटू शकते, पाच-सहा वर्षं खाटेवर असलेले मी उठवलेत.

पहिलं काम जखम, बाकी सगळं नंतर. ती भरेपर्यंत त्याने त्या जागेवर बसायचंही नाही आणि उताणंही झोपायचं नाही, कुशीवर आणि जमत असेल तर पालथं. दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा मोबाईलला गजर लावून, आळीपाळीने करा नाहीतर एकच माणूस आजारी पडेल. जखमेखाली कापडाची चुंबळ किंवा मेडिकलमध्ये मिळते ती रबरी गोल रिंग ठेवली असेल तर आजच काढा, सगळे ठेवतात, पण त्या कडेने रक्त तुटतं आणि खड्डा वाढतो. हवेची गादी चांगली, पण गादी आणली म्हणून वळवणं बंद करू नका. खड्ड्यात हाड लागत असेल, वास येत असेल, ताप असेल तर घरी ड्रेसिंग करत बसू नका, प्लास्टिक सर्जनला दाखवा. आणि खाणं, अंडी, डाळ, दूध, जे घरात चालत असेल ते, जखमेतून अंगातलं प्रोटीन रोज वाहून जातं.

दुसरं लघवी. कायमची नळी म्हणजे इन्फेक्शन, खडे आणि पुढे किडनी. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लॅपिडीसनी दाखवलं की दर काही तासांनी स्वच्छ धुतलेल्या हातांनी स्वतः नळी घालून लघवी काढली तर चालते, ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक असायची गरज नाही. जगभर मणक्याच्या पेशंटच्या किडन्या वाचल्या त्यात या साध्या गोष्टीचा मोठा हात आहे. तुमच्या भावाचे हात चांगले आहेत, तो स्वतः करू शकेल, साधारण चार ते सहा तासांनी. आधी युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरकडे, सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या आणि त्यांनाच थेट विचारा, "याला सेल्फ कॅथेटर शिकवाल का?" असं नाव घेऊन विचारलं की शिकवतात, नुसतं "नळीचं काय करायचं" विचारलं की नळी बदलून देतात.

सर्टिफिकेटचं काम जखमेसोबतच चालू करा, सिव्हिलला बोर्डापुढे नेऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असलं की बहुतेक सवलती लागू होतात आणि तुमच्या भावाचं त्यापेक्षा बरंच जास्त येईल. ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी ठेवावा लागतो, तो मागायला तोंडी जाऊ नका, अर्ज लिहून पोच घ्या. दाराचा उतार, कमोडची खुर्ची यासाठी तो मागता येतो. संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला. आणि शिबिरातली खुर्ची घ्यायला जाल तेव्हा भावाच्या कंबरेची रुंदी आणि घरातल्या प्रत्येक दाराची रुंदी कागदावर लिहून न्या, उशीसाठी भांडा, उशीशिवाय खुर्ची म्हणजे दुसरी जखम.

खुर्चीत बसायला लागला की पंधरा-वीस मिनिटांनी एकदा पुढे वाकून, छाती मांडीवर टेकवून दोन मिनिटं राहायचं, म्हणजे माकडहाडावरचा भार सुटतो. पण ते पुढचं.

आज फक्त एक गोष्ट करा. लांब दांड्याचा आरसा इथे मिळत नाही म्हणून मी माझ्या पेशंटना स्कूटरचा आरसा देते, गॅरेजवाल्याकडे जुना फुकटसुद्धा मिळतो, त्याचा दांडा वेळूच्या काठीला सुतळीने घट्ट बांधायचा. ड्रेसिंग बदलताना भावाला कुशीवर करा, आरसा त्याच्या हातात द्या आणि त्याला त्याची जखम बघू द्या. दोन वर्षांत त्याने ती बहुतेक एकदाही बघितली नसेल. पहिल्या दिवशी तोंड फिरवेल, रागावेलही. दुसऱ्या दिवशी परत द्या, आणि शेजारी उभ्या राहा.